ओर्फेलिनाबाईंची टाच

"नाही म्हणजे नाही!" ओर्फेलिनाबाईंनी किटली चुलीवर अशी आदळली की झाकण उडून जमिनीवर गडगडत गेलं. "या घरासाठी मदतमेळा? अगं, किनेल्कोत कुणाचं घर जळलं, कुणाची होडी बुडाली, कुणाच्या पोटात गाठ आली, की मेळ्यात लिलावाच्या वस्तूंचं मेज मी मांडायचं आणि अर्धं मीच विणून भरायचं. आणि आता माझ्या पोरासाठी लोकांनी मेज भरायचं? मी मेल्यावर करा काय करायचं ते."

सुनिल्दाने वाकून झाकण उचललं, एप्रनला पुसलं आणि किटलीवर बसवलं. सासूबाईंचा राग तिला नवा नव्हता. या घरात आल्यापासून ती त्या रागाला भ्यायली होती, त्याला पाठीमागे हसली होती, आणि खरं सांगायचं तर मनातून तिला त्याचं कौतुकही होतं. नवरा गेल्यावर दोन पोरं, मूठभर मेंढ्या आणि एक गळकं छप्पर या बाईने त्याच रागाच्या जोरावर सांभाळलं होतं. पण या वेळी त्या रागाचा काही उपयोग नव्हता. चुलीजवळच्या बाकड्यावर सुनिल्दाचा नवरा एलिसेओ पडून होता, आणि त्याचे पाय त्याचं ऐकत नव्हते.

उन्हाळा सरता सरता तो शिंपल्यांसाठी पाण्यात उतरला होता. वर होडीतलं, नळीने हवा पुरवणारं यंत्र बंद पडलं आणि तो खोलातून एका दमात वर आला. जीव वाचला, पण इतक्या झटक्यात वर आल्याने कमरेखालचं सगळं सुन्न झालं. कास्त्रो शहराच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, "याला पुएर्तो मोंतच्या मोठ्या इस्पितळात न्या. तिथे काही महिने राहून उपचार घेतले तर काठी टेकत का होईना, चालेल. हिवाळा इथेच घालवलात तर मग मला विचारायला येऊ नका."

आणि हिवाळा दारात येऊन ठेपला होता. बटाटे काढून झाले होते, सफरचंदं पिळून पिंपं भरली होती, आणि घरात तिकडे जाऊन राहण्याइतका पैसा नव्हता.

"मी होडी विकतो," दाराशी उभा असलेला एराल्दो म्हणाला. एलिसेओचा हा थोरला भाऊ. आईचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढं एकच काम देवाने त्याला लावून दिलं आहे असं सुनिल्दाला नेहमी वाटायचं. "आई म्हणतेय ते बरोबर आहे. आपण कुणापुढे हात पसरले नाहीत आजवर."

"होडी विकून तुम्ही खाणार काय, भाऊजी?" सुनिल्दा म्हणाली. "तुमची पोरं काय लाटा चावून जगणार आहेत?"

"सुनबाई, तोंड सांभाळ," ओर्फेलिनाबाई म्हणाल्या.

"सांभाळते, आई. इतके दिवस सांभाळतेच आहे."

"आई." बाकड्यावरून एलिसेओ बोलला. सकाळपासून छताकडे बघत पडला होता, सगळ्यांना वाटलं होतं झोपलाय. "होडी विकायची नाही."

"मग?"

"मग मेळा होऊ दे."

"तू पण?" ओर्फेलिनाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "अरे, तुला कळतंय का? त्या मेजासमोर बाकावर बसायचं. सगळं गाव बघणार."

"बघू दे ना. मला चालायचंय, आई. तुझा मान राखत मी इथे पडून राहायला तयार आहे, देवाशपथ. पण मला चालायचंय गं."

मग एराल्दोने घसा खाकरला. "तसं बघायला गेलं तर सुनिल्दाचं काही चुकत नाहीये."

"तू गप्प बस! आत्ताच होडी विकायला निघाला होतास ना?" ओर्फेलिनाबाई ओरडल्या, आणि एवढ्या ताणातही एलिसेओला हसू फुटलं. पण लगेच त्यांनी आपली तीक्ष्ण नजर सुनेकडे वळवली. "आणि मेज कोण मांडणार? सांग ना. घेणाऱ्या घराला मेजाला हात लावता येत नाही. मी नाही म्हटल्यावर कोण आहे गावात?"

हीच गोष्ट सुनिल्दाने इतका वेळ तोंडात धरून ठेवली होती.

"नोल्फामामी," ती म्हणाली.

ओर्फेलिनाबाईंनी किटली पुन्हा आदळली नाही. त्या खुर्चीत बसल्या, आणि तेच जास्त भीतीदायक होतं.

नोल्फा म्हणजे ओर्फेलिनाबाईंच्या थोरल्या भावाची, आमादेओची बायको. नणंद-भावजयीचं एके काळी इतकं पटायचं की एका कातरलेल्या मेंढीची लोकर दोघी अर्धी अर्धी वाटून घ्यायच्या. ओर्फेलिनाबाईंच्या हाताला विणकामाची देणगी होती. नोल्फाच्या हाताला ती नव्हती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा मोजा सुरू व्हायचा एका मापात आणि संपायचा दुसऱ्याच मापात. पण प्रत्येक मदतमेळ्याला ती जीव ओतून काहीतरी विणून आणायची. अशाच एका मेळ्यात, कुणाच्या तरी आजारपणासाठी, ओर्फेलिनाबाईंनी मेजावरून तिचे मोजे उचलले, उंच धरले आणि भर सभेत म्हणाल्या, "हे पायासाठी आहेत की बैलाच्या खुरासाठी?" गाव हसलं. त्या मोज्यांवर एकही बोली लागली नाही. नोल्फाने आपले मोजे उचलले आणि घरी गेली. त्यानंतर तिने नणंदेच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. आमादेओ वारला तेव्हासुद्धा दोघी देवळात वेगवेगळ्या बाकांवर बसून रडल्या.

"ती," ओर्फेलिनाबाई शेवटी म्हणाल्या, "ती माझ्या पोराचं मेज मांडणार."

"त्यांनी स्वतःहून विचारलं, आई."

"विचारणारच. वाटच बघत असेल इतकी वर्षं." आणि त्यांनी लोकरीचा गुंडा उचलून सुया हातात घेतल्या, जणू आता या घरात त्यांच्या बाजूने त्या सुयाच तेवढ्या उरल्या होत्या.

*

दोन दिवसांनी देवळाचे कारभारी बेलार्मिनो डोक्यावरची टोपी हातात धरून आले. मेळ्याआधी घेणाऱ्या घरी येऊन रीत सांगायची, ही पण एक रीतच होती. सुनिल्दाने त्यांना माटेच्या कडवट चहाचा पेला भरून दिला. त्यांनी नळीने एक घोट घेतला आणि ओर्फेलिनाबाईंकडे बघून कानकोंडे झाले.

"तुला काय सांगायचं, ओर्फेलिना. तूच आम्हाला सांगत आलीस."

"तरी सांगा. माझ्यासाठी नियम वेगळे नकोत."

"तर मग, या छपराखालच्या कुणीही मेजावर काही ठेवायचं नाही. बोली लावायची नाही. समोरच्या बाकावर बसायचं, हात मांडीवर. ज्याने वस्तू केली त्याने उभं राहायचं, तुम्ही मान लववायची. घेणाऱ्या घराचा हात ढिगात पडला की ढीग नासतो. मग ज्याचं त्याला परत."

"आणि आजारी माणूस उठत नाही," ओर्फेलिनाबाईंनी वाक्य पूर्ण केलं. "माहीत आहे. उबेरलिंदाचं घर पडलं तेव्हा तिच्या पोरीने लाजेखातर हातमोजे आणून ठेवले होते मेजावर. मीच उचलून उबेरलिंदाच्या हातात परत दिले होते."

"हो. आणि ती तुझ्यावर चिडली होती."

"चिडू दे. ढीग वाचला ना?"

बेलार्मिनो गेल्यावर गावाला विणकामाचा ताप चढला. सुनिल्दा पाण्याला गेली तरी दिसायचं, दारोदार बायका उभ्याने चाती फिरवताहेत, चालता चालता सूत कातताहेत, चुलींवर कांद्याच्या सालींत आणि झाडाच्या शेवाळात लोकर उकळतेय. अंगणाअंगणात पिवळ्या, तांबूस, करड्या लडी वाळत घातलेल्या. कुणी पिठाच्या जुन्या पोत्यांच्या बाहुल्या शिवत होतं, कुणी गोधडीचे तुकडे जुळवत होतं. सुनिल्दाला बघितलं की बायका हातातलं चटकन एप्रनखाली लपवायच्या आणि उगाच बटाट्यांच्या गोष्टी काढायच्या. हे सगळं आपल्या नवऱ्यासाठी चाललंय, या विचाराने तिला रस्त्यातच रडू यायचं.

आणि घरात ओर्फेलिनाबाई रिकाम्या बसल्या होत्या. नुसत्या बसल्या होत्या! ज्या बाईने नवऱ्याच्या अंत्ययात्रेतही खिशात सुया ठेवल्या होत्या, ती गळ्यातून घालायचा घोंगडीसारखा पोंचो पांघरून, दोन्ही हात त्याच्या आत घेऊन तासन् तास खिडकीशी बसायची. सुनिल्दा आत आली की पोंचोखाली थोडी हालचाल व्हायची आणि थांबायची.

"थंडी वाजते का, आई?"

"म्हातारपण वाजतं. जा, तुझं काम बघ."

*

मेळ्याच्या सकाळी नोल्फामामी आल्या. फाटकाशीच थांबून त्यांनी हाक मारली. ठेंगणी, रुंद बाई, गालांवर वाऱ्याने कायमची उमटवलेली लाली, आणि हातात एक मोठी वेताची टोपली. वाटेवरच्या घरांनी दिलेल्या वस्तू तिच्यात कोंबलेल्या होत्या.

"सुनिल्दा! एलिसेओची खुर्ची न्यायचीय ना मेळ्याला, शाळेत? चल, दोघी मिळून नेऊ."

"आत तरी या, मामी. घोटभर माटे घ्या."

"माझी पायरी इथवरच." पण टोपली जड झाली होती, म्हणून त्यांनी ती ओट्यावरच्या फळीवर ठेवली. मग दोघी मागच्या खोपटातून एलिसेओची हातांची खुर्ची काढायला गेल्या. खुर्चीचा एक पाय खिळ्यात अडकला होता. तो सोडवता सोडवता सुनिल्दाने विचारून टाकलं.

"मामी, इतकं सगळं का करताय? आईंनी तुमच्याशी जे केलं..."

"तुझ्या सासूसाठी नाही करत." नोल्फामामींनी खिळा हिसकून काढला. "एलिसेओ माझ्या आमादेओचा भाचा आहे. आमादेओने त्याला पोहायला शिकवलं, माहितीये ना? आणि ते मोजे विचारशील तर, ते बैलाचे मोजे, ते आमादेओने शेवटपर्यंत घातले. त्याच मोज्यांत पुरलं मी त्याला. त्याला कधी ते बैलाचे वाटले नाहीत. मी त्याला शपथ घालून विचारलं होतं, टोचतात का रे? म्हणाला, नोल्फा, यांच्याइतकं ऊबदार मला कुणी काही दिलं नाही." त्यांनी नाक पुसलं. "ही गोष्ट तुझ्या सासूला सांगू नकोस. तिला वाटेल मी रडगाणं गातेय."

परत आल्या तेव्हा ओर्फेलिनाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नोल्फाकडे पाहिलं, नोल्फाने त्यांच्याकडे पाहिलं. दोघींपैकी एकीने जरी तोंड उघडलं असतं तरी काहीतरी झालं असतं. पण ओर्फेलिनाबाई आत वळल्या, नोल्फाने टोपली उचलली, आणि सुनिल्दाला एवढंच जाणवलं की सासूबाईंचे हात आज पहिल्यांदाच पोंचोच्या बाहेर आहेत.

*

शाळेची खोली माणसांनी गच्च भरली होती. कोपऱ्यात अॅकॉर्डियन वाजत होतं, बाहेर चरबीत तळलेल्या बटाट्याच्या मिल्काओ-वड्यांचा वास सुटला होता. आणि मधोमध ते लांबलचक मेज. सुनिल्दाने कितीतरी मेळे पाहिले होते, पण असं मेज पाहिलं नव्हतं. कांद्याच्या रंगाच्या घोंगड्या, दाट विणीचे स्वेटर, लेकरांची टोपरी, भरतकामाचे टेबलक्लॉथ, पोत्यांच्या बाहुल्या, तुकड्यातुकड्यांची एक गोधडी, जिच्यात अख्ख्या गावाची जुनी कपाटं रिकामी झालेली दिसत होती. एका मेंढपाळाने तर स्वतः विणलेला दोराचा पट्टा आणून ठेवला होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं.

समोर चौघं बसले. एलिसेओ खुर्चीत, शेजारी बाकावर सुनिल्दा, एराल्दो, आणि टोकाला ओर्फेलिनाबाई, हात मांडीवर, मान ताठ. सुरुवातीला त्यांचे डोळे नेहमीसारखे मेजावर फिरले. सुनिल्दाने त्यांना पुटपुटताना ऐकलं, "त्या स्वेटरचा गळा तोकडा आहे." मग, "घोंगडीची कड बरी जमलीय." मग त्या बोलायच्या थांबल्या. बेलार्मिनो एकेक वस्तू उचलत, कुणी केली ते पुकारत, आणि ती बाई किंवा तो बाप्या लाजत उभा राहायचा. ओर्फेलिनाबाई प्रत्येकाला मान लववायच्या. उबेरलिंदा उभी राहिली तेव्हा त्यांनी जास्तच खाली लववली. लववता लववता त्यांची हनुवटी थरथरायला लागली. सुनिल्दाला त्यांची दया आली आणि त्याच वेळी त्यांचा फार अभिमान वाटला. देताना ताठ राहणं त्यांना जन्मभर जमलं होतं. घेताना तसं बसणं किती अवघड असतं ते आज तिला दिसत होतं.

"आता हे मोजे," बेलार्मिनो म्हणाले. नोल्फाच्या टोपलीतल्या वस्तूंच्या ढिगातून त्यांनी एक जोडी ओढली. करड्या लोकरीचे मोजे. नळी वाकडी, वरची पट्टी एका बाजूला घसरलेली, मधेच टाके सैल, मधेच आवळलेले. कुणीतरी खुदकन हसलं. "कुणाचे हे? उभं राहा."

कुणी उभं राहिलं नाही.

बेलार्मिनोंनी मोजा सरळ करायला हात आत घातला. टाच वर आली. दुहेरी धाग्याची, पांढऱ्यात तपकिरी ठिपके पेरलेली, घट्ट आणि गोल, घोट्यापाशी अंगठ्यासारखी वळलेली. खोलीतलं हसू विझलं. किनेल्कोतल्या लहान पोरालाही ती टाच ठाऊक होती. गावातले मोजे पंजाला फाटायचे, घोट्याला फाटायचे, पण ओर्फेलिनाबाईंची टाच फाटायची नाही.

सुनिल्दाला एकेक आठवत गेलं. पोंचो. खिडकी. तासन् तास हालणारे हात. ओट्यावर ठेवलेली टोपली. अरे देवा, आई! ओळखू येऊ नये म्हणून बाईने सगळा मोजा मुद्दाम वाईट विणला होता. नोल्फाच्या वाकड्या विणीची हुबेहूब नक्कल केली होती. नळी जमली, पट्टी जमली, पण टाचेपाशी आल्यावर हातांनी त्यांचं ऐकलं नव्हतं. तीस-चाळीस वर्षांची सवय ती, वाईट टाच विणायला त्यांना आलंच नाही.

बेलार्मिनो मोजा हातात धरून उभे होते. त्यांची नजर हळूहळू बाकाकडे वळली. मागे कुणीतरी कुजबुजलं, "ढीग नासला." एराल्दोने डोळे मिटून घेतले. एलिसेओने खुर्चीच्या दोन्ही बाजू घट्ट पकडल्या. पुएर्तो मोंत, उपचार, चालणं, सगळं आता त्या एका टाचेवर येऊन थांबलं होतं. ओर्फेलिनाबाईंचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला होता आणि त्या उठू लागल्या. सांगून टाकायला, सुनिल्दाला कळलं. खोटं बोलणं त्यांना जमणार नव्हतं.

"माझे आहेत ते!"

नोल्फामामी मेजामागे उभ्या होत्या, दोन्ही हात कमरेवर.

"दे इकडे, बेलार्मिनो. असे काय धरलेस मेलेल्या माशासारखे?" त्यांनी मोजे घेतले, नळी फिरवून बघितली. सुनिल्दा बघत होती. मामींच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उमटत गेली. आपली घसरलेली पट्टी त्यांनी ओळखली. आपले सैल टाके ओळखले. नणंदेने बरोब्बर आपली नक्कल केलीय हेही ओळखलं, आणि क्षणभर त्यांच्या गालांची लाली वाढली. संपलं, सुनिल्दाला वाटलं. आता मामी सगळा हिशेब चुकता करणार. मग मामींचा अंगठा टाचेवर आला आणि तिथे थांबला.

"माझेच," त्या म्हणाल्या. "नळी बघा ना. अशी नळी गावात दुसरं कोण विणतं?"

हे कुणालाच खोडून काढता येईना.

"आणि टाच?" बेलार्मिनोंनी सावकाश विचारलं. "नोल्फा, ही टाच तुला कुठून आली?"

"शिकले."

"कुणाकडून?"

"देवळाकडून." नोल्फामामींनी हनुवटी वर केली. "वन्सं पुढच्या बाकावर बसतात, मी मागच्या. प्रार्थनेला गुडघे टेकले की बूट मागून सुटतात आणि मागच्याला काय दिसतं, सांगा बरं? टाचा! भांडण झालं तेव्हापासून दर रविवारी मी त्या टाचा बघतेय. देवाकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त. इतकं बघून गाढवालासुद्धा यायला हवी होती. मला यंदा आली."

खोलीत कुणी हसलं नाही, कारण कुणाला हसू की रडू तेच कळेना. बेलार्मिनोंनी डोळे बारीक केले. ते आयुष्यभर रीत सांभाळत आले होते आणि मूर्ख तर मुळीच नव्हते.

"ओर्फेलिना," ते म्हणाले, "टाच ओळखणारी तूच आहेस. तू सांग. ही तुझी टाच आहे का?"

आता सगळं त्यांच्यावर येऊन पडलं. ओर्फेलिनाबाई अर्धवट उठलेल्या होत्या. बाकाच्या कडेला एक हात टेकून त्यांनी आधी एलिसेओकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी नोल्फाच्या डोळ्यांत पाहिलं. मेजापलीकडे ती मोजे छातीशी धरून उभी होती, जसे त्या दिवशी घेऊन गेली होती तसेच.

"माझ्या टाचेला कुणाचं इतकं लक्ष मिळालेलं नाही कधी," ओर्फेलिनाबाई म्हणाल्या. आवाज घोगरा झाला होता. "चांगली आहे टाच. आणि नळीसुद्धा..." त्या अडल्या. पुढचं वाक्य त्यांना फार जड जात होतं. "नळीसुद्धा ऊबदार असते वहिनीची. माझ्या भावाला ठाऊक होतं ते, पुरताना त्याच्या पायांत तेच मोजे बघितले मी. मला त्या मेळ्यात कळलं नाही. सगळ्यांसमोर हसवलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर सांगते."

*वहिनी*. सुनिल्दाने हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. नोल्फामामींच्या चेहऱ्याचं काय झालं ते तिला नीट दिसलं नाही, कारण तिचेच डोळे भरून आले होते.

बेलार्मिनोंनी एक क्षण विचार केला. मग मोजे परत घेतले आणि उंच धरले.

"नोल्फाचे मोजे," त्यांनी जाहीर केलं. "रीत सांभाळली गेली आहे. कोण बोली लावतंय?"

आणि मग जी बोली सुरू झाली! उबेरलिंदा ओरडली, शाळेच्या गुरुजींनी वाढवलं, दोराचा पट्टा आणणारा मेंढपाळ टेबलावर मूठ आपटून पुढे सरसावला. सगळ्यांना सगळं कळलं होतं आणि कुणी एक शब्द काढत नव्हतं. शेवटी उबेरलिंदाने बाजी मारली. मोजे हातात घेऊन ती बाकासमोरून गेली तेव्हा ओर्फेलिनाबाईंकडे वाकून म्हणाली, "नोल्फाच्या हातचं पहिल्यांदाच घेतेय. तुम्ही हे परत नाही ना देणार माझ्या हातात?"

"नाही गं बाई," ओर्फेलिनाबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

संध्याकाळी मेज रिकामं झालं. बेलार्मिनोंनी एराल्दोच्या हातात पिशवी दिली आणि फक्त मान हलवली. पुरेसं होतं. सोमवारच्या बोटीने जायचं ठरलं. एलिसेओ काही न बोलता आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवत राहिला, जणू त्यांना ही बातमी सांगत होता.

नोल्फामामी मेजावरची चादर घड्या घालत होत्या. ओर्फेलिनाबाई बाकावरून उठल्या नव्हत्या. त्यांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर हात थोपटला.

"वहिनी, ये. बस ना इथे जरा."

नोल्फामामी पुढे आल्या, बाकापर्यंत. मग थांबल्या आणि मान हलवली.

"आज नको, वन्सं. आज या बाकावर बसले तर मी तुमच्या घरची ठरेन, आणि मग माझे मोजे बाद होतील. बेलार्मिनो अजून दारात उभा आहे." त्यांनी घडी केलेली चादर काखेत मारली आणि आवाज खाली आणला. "आज मी परकीच बरी. उद्या सकाळी येते, चुलीपाशी. माटे तयार ठेवा. आणि लोकर काढून ठेवा, ती पांढरी आणि ती तपकिरी. पुढच्या मेळ्याला सगळं गाव माझ्याकडे ती टाच मागणार, आणि मला मेलीला ती कुठे येते?"

ओर्फेलिनाबाईंनी तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले. सुनिल्दाला आधी वाटलं रडताहेत, मग वाटलं हसताहेत, आणि मग तिने बघणं सोडून दिलं. नोल्फामामी चादर घेऊन दाराबाहेर पडल्या. बेलार्मिनोंनी टोपी काढून त्यांना वाट दिली.